बसवून ठेवलेला माणूस

फोन बहुतेक रात्री जेवणवेळेला येतो. पलीकडे एखादी आई असते, नाहीतर थोरला भाऊ. "वकीलसाहेब, आमच्या पोराले ठाण्यात बसवून ठेवलं जी." काहून? "मालूम नाही जी. सकाळीच नेलं. मोबाइलबी घेतला." अटक केली काय? इथे पलीकडचा आवाज जरा सैलावतो. "नाही जी, अटक नाही केली. नुसता बसवला हाये."

त्या 'नुसता'मधला दिलासा खोटा आहे, एवढंच मला सांगायचं होतं. सांगता सांगता पुस्तक झालं.

चौकशीसाठी 'बसवून ठेवणे' नावाची क्रिया आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस एखाद्याला साक्षीदार म्हणून लेखी हुकूम काढून बोलावू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ते कलम १७९. त्यातही बाई असेल, पंधराच्या आतलं पोर असेल, साठीच्या वरचा म्हातारा असेल, अपंग किंवा आजारी माणूस असेल, तर त्याला ठाण्यात येण्याची सक्ती नाही. पोलिसांनी त्याच्या घरी जायचं. दुसरा रस्ता संशयिताला नोटीस देण्याचा. ते कलम ३५, जुन्या संहितेतलं ४१-अ. तिसरा अटकेचा. साक्षीदार असो की नोटीस मिळालेला संशयित, त्याला उठून घरी जाता आलं पाहिजे. जाता येत नसेल, तर ती अटकच आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. नव्या संहितेच्या १७२व्या कलमाने एक फट ठेवली आहे खरी, पण ती पोलिसांचा आदेश धुडकावणाऱ्याला बाजूला नेण्यापुरती. चोरीच्या चौकशीला नेलेल्या पोराला त्या फटीतून आत ढकलता येत नाही.

मी वरठीत बसून लिहितो. आगगाडीने येणाऱ्याला वरठी नावाचं स्टेशन सापडत नाही. मुंबई-हावडा मार्गावरच्या या स्टेशनावर पाटी 'भंडारा रोड' अशी आहे, आणि भंडारा शहर इथून दहा-बारा किलोमीटर पुढे. गाव मोहाडी तालुक्यात. लोखंडाच्या मोठ्या कारखान्यामुळे बाहेरून आलेले कामगार इथे पुष्कळ. भाताची शेती, कारखाना आणि रेल्वे अशा तिन्ही तऱ्हांची माणसं एकाच बाजारात फिरतात, आणि खाकीही एका तऱ्हेची नाही. गावाचे पोलीस वेगळे, रेल्वेच्या हद्दीतले लोहमार्ग पोलीस वेगळे आणि रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, आणखी वेगळं. पकडल्या गेलेल्या माणसाला हा फरक कळत नाही. त्याला खाकीच दिसते. पण कायद्यात हा फरक किती खोल जातो, ते पुढे येईलच.

संविधानात या विषयाला मोजकीच वाक्यं मिळाली आहेत. अनुच्छेद २०(३) म्हणतो की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. २१ मध्ये जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य. २२ मध्ये अटकेचं कारण सांगणं, पसंतीच्या वकिलाचा सल्ला, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं. प्रवासाच्या वेळेची सवलत डोंगराळ, रस्ते नसलेल्या मुलखाला शोभते. वरठीहून मोहाडीला जा नाहीतर भंडाऱ्याला. मध्ये बैलगाडी आडवी आली, रेल्वे फाटक पडलं, तरी तासाभरात माणूस कोर्टाच्या पायरीवर असतो.

बाविसावा अनुच्छेद घटनेत आला त्याची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. मूळ मसुद्यातून 'ड्यू प्रोसेस' हे शब्द वगळून 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' एवढंच ठेवलं गेलं, तेव्हा संविधान सभेत आणि बाहेरही नाराजी होती. कायदेमंडळ जी कार्यपद्धती ठरवेल ती चालणार असेल, तर मूलभूत हक्क म्हणायचं कशाला? १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा २२. मागे जे गमावलं त्याची ही भरपाई आहे, अशा अर्थाचं ते बोलले. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आधीपासून आहे, मग यात नवं काय, या आक्षेपाचं उत्तरही त्यांनी तेव्हाच देऊन टाकलं. संहितेतलं कलम कायदेमंडळ उद्या पुसू शकतं. घटनेत गेल्यावर ते कायदेमंडळाच्या हाताबाहेर जातं. बंधन नुसतं फौजदारावर नव्हतं, फौजदाराला अधिकार देणाऱ्या विधानसभेवरही होतं.

त्याच अनुच्छेदाने पुढच्याच पोटकलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाट दिली हेही लपवू नये. बक्षी टेकचंद यांनी सभेत त्यावर जळजळीत टीका केली होती. महाराष्ट्रात १९८१ चा एमपीडीए कायदा त्याच वाटेने चालतो. वर्तमानपत्रात 'अमुक गुंड स्थानबद्ध' अशी चौकट छापून येते, तेव्हा त्या माणसाला चोवीस तासांचा नियम लागू नसतो.

भंडाऱ्याच्या वाचकासाठी आणखी एक गोष्ट. १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला भंडाऱ्यातून उभे होते. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब पडले. चोवीस तासांचं घड्याळ घटनेत बसवणाऱ्या माणसाला आपल्या जिल्ह्याने परत पाठवलं, ही गोष्ट इथल्या शाळांत सांगितलेली मी ऐकली नाही.

घड्याळ बसवलं, पण ते सुरू कधी होतं? सगळं भांडण इथेच आहे. पोराला सकाळी आठला नेलं, रात्रभर बसवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला अटक पंचनामा केला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात आणलं. कागदावर एकोणीस-वीस तास. आईच्या हिशेबाने पन्नासच्या वर. १९९० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे सीमाशुल्क खात्याचं असंच एक प्रकरण आलं होतं. खात्याचं म्हणणं असं की चौकशीचा काळ वेगळा आणि अटक वेगळी. न्यायालयाने ते मानलं नाही. माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं त्या क्षणी अटक झाली. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ घातली, यावर ते अवलंबून नाही. हा निकाल अशक हुसेन यांच्या नावाने ओळखला जातो आणि वकिलांच्या बाहेर तो जवळपास कुणाला ठाऊक नाही. माझ्या मते सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा याच्याइतका निकाल दुसरा नाही. दिल्लीचे मोठमोठे निकाल त्याच्यानंतर वाचावेत.

त्या मोठ्या निकालांतला सर्वांत गाजलेला डी. के. बसूंचा. पश्चिम बंगालच्या विधी साहाय्य संस्थेच्या या पदाधिकाऱ्यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिलं. पत्रालाच याचिका मानलं गेलं आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पाटी, वेळ घातलेला आणि घरच्याने किंवा गावातल्या प्रतिष्ठिताने सही केलेला अटकेचा कागद, नातेवाइकाला खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. यातलं बरंचसं पुढे संहितेत उतरलं. तपासणीचं काय होतं ते मात्र ज्याने कोर्टाबाहेर दिवस काढले त्याला ठाऊक आहे. डॉक्टर विचारतात, "काही त्रास?" पाठीमागे जमादार उभा असतो. माणूस मान हलवतो. कागदावर 'जखमा नाहीत'.

अटकेची कारणं लेखी दिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे एकापाठोपाठच्या निकालांतून पक्कं केलं. त्यातला ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल महाराष्ट्रातल्या प्रकरणातलाच, मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य, आणि पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश, मूळचे अमरावतीचे भूषण गवई होते. गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी हवीत आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. लगेच देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. 'समजणाऱ्या भाषेत' हे शब्द वरठीसारख्या गावाला किती जड जातील ते बघा. परप्रांतातून कारखान्यात कामाला आलेल्या पोराला मराठी कागद देऊन काय होणार? आणि आपल्या झाडीपट्टीतल्या म्हातारीला 'सदर इसमाने संगनमताने' म्हणजे काय ते कोण सांगणार?

आता कबुलीकडे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम संविधानाहून जुना आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता साक्ष अधिनियमाचं कलम २३. इंग्रज सरकारने आपल्याच पोलिसांवर लेखी अविश्वास दाखवला आणि स्वतंत्र भारतानेही तो तसाच पुढे चालवला. पण नियमाला एक शेपूट आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या शोधाशी जुळणारं तेवढं बोलणं चालतं. जुन्या कायद्यातल्या कलमाच्या आकड्यावरून वकिलांच्या बोलण्यात हे अजून 'सत्तावीस'च. ठाण्यातली मारहाण बहुतेक कबुलीसाठी नसते, ती या सत्तावीससाठी असते. पंच तेच ते, ठराविक चहाच्या टपरीवरचे. विळा सापडतो तोही नेमका तणसाच्या ढिगाखाली.

मघाशी म्हटलेला खाकीचा फरक इथे अंगावर येतो. १९८० मध्ये बालकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रेल्वेच्या मालमत्तेच्या कायद्याखाली चौकशी करणारा आरपीएफचा अधिकारी हा कलम २५ च्या अर्थाने 'पोलीस अधिकारी' नव्हे. म्हणजे एकाच फलाटावर एकाच माणसाने एका खाकीपुढे तोंड उघडलं तर ते पुराव्यात चालत नाही आणि दुसरीपुढे उघडलं तर चालू शकतं. रुळाकडेचं भंगार उचलणाऱ्या पोराने हे कुठे शिकायचं? हा फरक तरी त्याला कुणी सांगावा म्हणून या पुस्तकात एक अख्खं प्रकरण रेल्वेवर आहे. संपादकांना ते लांबलं असं वाटलं; मी ऐकलं नाही.

मारहाणीचा हिशेब किती उशिरा लागतो, त्याचं उदाहरण नागपूरचं आहे. जून १९९३ मध्ये एका लुटीच्या तपासात पोलिसांनी एका माणसाला घरून उचललं. मारहाणीनंतर तो कोठडीत मेला. कनिष्ठ न्यायालयाने पोलिसांना कबुलीसाठी इजा केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१८ रोजी ती सात वर्षांवर नेली. त्या कलमाखाली त्याहून जास्त देताच येत नाही. पंचवीस वर्षं. त्याच मृत्यूवरून झालेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने अटकेबद्दल, विशेषतः स्त्रियांच्या अटकेबद्दल, निर्देश दिले होते. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करू नये हा आज तोंडी झालेला नियम, त्याच्या मुळांपैकी एक नागपुरात आहे.

याहून जुनी गोष्ट वैनगंगेच्या खालच्या अंगाची, देसाईगंजची. २६ मार्च १९७२. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. एका आदिवासी मुलीला भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी ठाण्यात आणलं होतं. ती आरोपी नव्हती, संशयितही नव्हती. जबाब झाले, बाकीच्यांना घरी जायला सांगितलं, तिला ठेवून घेतलं. बसवून ठेवलं म्हणा. तिच्यावर ठाण्यातच बलात्कार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर चालला. सत्र न्यायालयाने सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा गुन्ह्यात स्त्रीने संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर न्यायालय तेच गृहीत धरतं. हा खटला देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी तो देसाईगंजच्या नावाने लिहितो. ठाण्याचं नाव लक्षात राहावं, मुलीचं नव्हे.

मोहाडी तालुक्यात बसून संशयितांच्या हक्कांवर लिहायला घेतलं, की कुणीतरी खैरलांजी काढतोच. काढलीच पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच तालुक्यात एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. हे कुटुंब साक्षीदार असलेल्या आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात त्याच दिवशी अटक झालेली माणसं जामिनावर सुटून गावी परतली होती. मग माझ्यासारख्याला लोक विचारतात, जामीन दिलाच कशाला? तेव्हा कुठे गेले होते हक्क? प्रश्न रागाचा आहे आणि राग खरा आहे. पण त्या संध्याकाळी कमी पडला तो कायद्यातला हक्क नव्हता. कमी पडले साक्षीदाराच्या घरासमोर उभे राहायला हवे होते ते चार शिपाई. जामीन रोखून ठेवणं हे एक काम आहे, संरक्षण देणं दुसरं. पहिलं केलं की दुसरं झालं, असं मानायची सवय आपल्याला लागली आहे. नंतर त्याच हत्यांचा निषेध करणाऱ्या पोरांची विदर्भभर धरपकड झाली. ज्यांची तक्रार ऐकायला पोलीस उशिरा पोचतात, त्यांना उचलायला तेच पोलीस वेळेवर येतात, हे मी माझ्या उमेदवारीच्या काळापासून पाहत आलो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत सापडलेला कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत मेला. हे पुस्तक लिहिताना ती बातमी टेबलावर होती.

हक्कांचा उगम नेहमी सज्जनांच्या खटल्यात होत नाही. अटक झालेल्या गरिबाला पहिल्याच हजेरीला दंडाधिकाऱ्याने स्वतःहून सांगायचं, की तुला वकिलाचा हक्क आहे आणि पैसे नसतील तर सरकारी खर्चाने मिळेल. न सांगितल्यास दंडाधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते. हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी घातलं, अजमल कसाबच्या अपिलात. त्याची फाशी कायम करणाऱ्या त्याच निकालपत्रात. मी हे गावातल्या सभेत सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून एक जण उठून निघून गेला. मी पुढे बोलत राहिलो.

नव्या संहितेबद्दल माझं मत संमिश्र आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, हे चांगलं. पण पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता सलग पहिल्या पंधरवड्यातच संपवावे लागत नाहीत; गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ते तुकड्यातुकड्याने मागता येतात. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला, आता मारहाणीचं भय संपलं, असं घरच्यांना सांगायची सोय राहिली नाही. बेड्यांचंही तसंच. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात न्यायालयाने बेडी हा अपवाद ठरवला होता. नव्या कलमाने गुन्ह्यांची लांबलचक यादी देऊन तो अपवाद रुंद केला. त्यापुढची पायरी कायद्यात नाहीच, ती मोबाइलवर आहे: आरोपीची बाजारातून धिंड, वर गाणं लावलेलं. या धिंडीला टाळ्या देणाऱ्यांत माझे शेजारीही असतात, चांगली माणसं.

चांगले ठाणेदारही मी पाहिले आहेत. एकाने मला रात्री अकराला स्वतःहून फोन केला होता, की तुमच्या पक्षकाराला ताप आहे, गोळी कोणती चालते ते घरच्यांना विचारा. मनुष्यबळ कमी, बंदोबस्त जास्त, वरून 'डिटेक्शन'चा धोशा, हेही मला दिसतं. या पुस्तकातली दोन प्रकरणं पोलिसांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली आहेत. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कोठडीसकट सगळीकडे आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितलं आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितलं. खोट्या आरोपातून प्रामाणिक शिपायाला वाचवणारंही तेच आहे.

पुस्तक कसं वाचायचं? पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावं, घरात शिकलेलं एक तरी पोर असतंच. कलमांची जुनी-नवी कोष्टकं शेवटी आहेत, ती वकिलांसाठी. बाकीच्यांनी सोडून द्यावीत.

फोनवर मी आता पहिला प्रश्न बदलला आहे. अटक केली काय, असं विचारत नाही. किती वाजता नेलं, ते विचारतो. आणि ती वेळ आत्ताच्या आत्ता लिहून ठेवायला सांगतो, जे सापडेल त्यावर. गेल्या पावसाळ्यात एक बाई भिंतीवरचं कॅलेंडरच खिळ्यासकट उपसून माझ्या घरी घेऊन आल्या. गुरुवारच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'सातले वीस कमी. निळी गाडी. तिघं.'